ज्यांचं टीएसएच कधी कुणी पाहिलंच नाही

राज्यातले फॅमिली डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांना,

सप्रेम नमस्कार.

मी लॅबची माणूस आहे. तालुक्याच्या गावात रक्त काढते, सॅम्पल लावते, रिपोर्ट छापते; त्यावर सही पॅथॉलॉजिस्टची असते. लॅबवाली बाई डॉक्टरांना जाहीर पत्र लिहून ‘अमुक तपासणी करा’ म्हणते म्हटल्यावर तुमच्यापैकी काहींच्या मनात काय येईल ते मला ठाऊक आहे. कट प्रॅक्टिस हा विषय आपल्या क्षेत्रात कुणालाच नवा नाही. म्हणून आधीच सांगून टाकते: जास्त तपासण्या लिहून द्या, अशी विनंती करायला हे पत्र लिहीत नाही. थायरॉईडच्या ज्या तपासण्या आज होतात, त्यांतल्या बऱ्याचशा झाल्या नाहीत तरी कुणाचं काही अडणार नाही. आणि ज्यांची तपासणी व्हायला हवी, म्हणजे मनाच्या आजाराच्या गोळ्या घेणारे आणि बाळंतिणी, त्यांची होत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे.

माझ्याकडे थायरॉईडसाठी सर्वांत जास्त रक्त कोण देतं सांगू? ज्यांना काहीच होत नाही ते. कंपनीची वार्षिक तपासणी, विम्याची तपासणी, सणासुदीच्या सवलतीतलं ‘फुल बॉडी’ पॅकेज. तिशीतला धडधाकट मुलगा. टी-थ्री, टी-फोर, टीएसएच या थायरॉईडच्या तिन्ही तपासण्या, दर वर्षी, तिन्ही नॉर्मल. त्याच खुर्चीवर थोड्या वेळाने एक बाई येऊन बसते. हातात कापडी पिशवी, पिशवीत फायली. आजच्या चिठ्ठीवर शुगर आणि हिमोग्लोबिन. चालू गोळ्या विचारल्या की यादी मोठी निघते: एक उदासीची, एक झोपेची, एक पित्ताची, काही वर्षांपासून. आवाज जड झालेला, चेहरा किंचित सुजल्यासारखा, उन्हाळ्यातही पदर अंगभर घट्ट. शीर सापडेना म्हणून हात चोळावा तर हात गार आणि कातडी खरखरीत. फाईल पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत चाळली तरी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची अगदी पहिली तपासणी, कुठे दिसत नाही.

अशी एकच बाई असती तर पत्र लिहिलं नसतं. निदान करणं माझं काम नाही आणि त्या वाटेला मी जातही नाही. पण कागद वाचता येतात, आणि कोणता कागद नाही हेही कळतं.

हे कसं घडतं ते समोर दिसत असतं. बाई गप्प-गप्प राहायला लागली, कामात लक्ष लागेना, रात्री झोप येईना किंवा दिवसासुद्धा उठवेना, की आमच्या भागात आधी ‘बाहेरचं’ बघितलं जातं. देवर्षी होतो, अंगारा होतो. मग गावातले डॉक्टर. अशक्तपणा म्हणून बी-ट्वेल्वची इंजेक्शनं, एखादी सलाईन, आणि ‘टेन्शन घेऊ नका’. तरीही उतार पडला नाही की जिल्ह्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ. तिथली ओपीडी तुम्ही जाणताच. साहेब धरून चालतात की शरीराच्या तपासण्या खालच्या डॉक्टरांनी केल्या असतील. खालचे डॉक्टर मोठ्या साहेबांची चिठ्ठी पाहतात आणि ‘हे मानसिकचं आहे’ म्हणून तीच चिठ्ठी पुढे चालवतात. दोघांनीही हयगय केलेली नसते. तपासणी मात्र दोघांच्या मधल्या फटीत पडते आणि तिथेच राहते.

आकडे तुमच्याकडे असतीलच, पण मला माहीत असलेले मांडते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मुंबई आणि गोव्यासह देशात आठ ठिकाणच्या ५,३७६ प्रौढांचं रक्त तपासलं गेलं. जवळपास ११ टक्के लोकांची थायरॉईड ग्रंथी मंद निघाली. बायकांत हे प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास होतं, पुरुषांत ५ टक्के. आणि या सगळ्यांपैकी साधारण एक-तृतीयांश लोकांना तोवर आपल्याला काही आहे याचा पत्ताच नव्हता. दुसरीकडे बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी २.७ टक्के लोक त्या वेळी नैराश्याच्या आजारात होते. (त्या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हे जाता जाता.) दोन आजार इतके सर्रास असतील तर एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नसता तरी कितीतरी माणसांत ते एकत्र सापडले असते. इथे तर संबंध आहे.

तो संबंध तुम्हाला शिकवण्याइतकी मी मोठी नाही. हे पत्र पेशंटही वाचतील, त्यांच्यासाठी चार ओळी लिहिते. गळ्यात समोरच्या बाजूला असलेली थायरॉईड ग्रंथी मुख्यतः टी-फोर बनवते. खरं काम करतं ते टी-थ्री, आणि मेंदू आपल्याला लागणारं बरंचसं टी-थ्री रक्तातल्या टी-फोरपासून स्वतःच तयार करून घेतो. मेंदूच्या पेशी किती वेगाने काम करणार, सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही रसायनं आपला परिणाम कशी दाखवणार, यावर त्याचा प्रभाव असतो. ते कमी पडलं की विचार, बोलणं, आतडी, हृदयाचे ठोके सगळंच संथ होतं. आणि टीएसएच? तो थायरॉईडचा हार्मोन नव्हेच, तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीचा. बैल चालेनासा झाला की गाडीवान आवाज चढवतो, तसं ग्रंथी मंदावली की टीएसएच चढतं. म्हणून आकडा वाढलेला असताना ग्रंथीचं काम घटलेलं असतं. हे उलटं गणित समजावून सांगण्यात माझ्या सकाळचा बराच वेळ जातो.

यातलं काहीही नवीन नाही, आणि मला खटकतं ते हेच. विल्यम गल यांनी लंडनमध्ये १८७३ साली प्रौढ बायकांतल्या या अवस्थेचं वर्णन केलं. विल्यम ऑर्ड यांनी १८७८ मध्ये तिला ‘मिक्सिडीमा’ हे नाव दिलं. मग क्लिनिकल सोसायटी ऑफ लंडनने समिती नेमली. तिने शंभराहून अधिक रुग्णांची माहिती गोळा केली आणि १८८८ च्या अहवालात लिहून ठेवलं की त्यांतल्या जवळपास निम्म्या लोकांना भास किंवा भ्रम होत होते. टीएसएच मोजायची सोय सोडाच, थायरॉईडचा हार्मोन अजून कुणी वेगळासुद्धा काढला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. तीन वर्षांनी, १८९१ मध्ये, न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका बाईला टोचला. ती सुधारली आणि पुढे २८ वर्षं जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी साडेआठशेहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असं सांगतात. आज तेच काम मोहरीएवढी गोळी करते, आणि ती घ्यायचा लोकांना कंटाळा येतो.

१९४९ साली रिचर्ड ॲशर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये वेड लागलं म्हणून समजल्या गेलेल्या १४ रुग्णांची हकीकत छापली. मूळ आजार होता थायरॉईडचा, आणि उपचारांनंतर त्यांतल्या बहुतेकांचं डोकं ताळ्यावर आलं. इतकी टोकाला गेलेली माणसं आता क्वचितच दिसतात. पण ॲशर यांच्या सांगण्याचा रोख असा होता की हा आजार नजरेसमोर असूनही ओळखला जात नाही, आणि त्यात आजही फारसं काही बदललेलं नाही.

थायरॉईड म्हणजे वजन वाढणं, हे लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की सडपातळ माणसाकडे कुणी त्या नजरेने बघतच नाही. उलट्या बाजूचा, म्हणजे ग्रंथी अति चालण्याचा आजार तर आणखी फसवतो. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं, क्षुल्लक गोष्टीवर भडकणं, खाऊनही वजन उतरणं. आमच्याकडे असा मुलगा आला की घरचे सांगतात, ‘परीक्षेचं टेन्शन घेतलंय.’ ईसीजी होतो, तो ‘नुसता वेग जास्त’ म्हणून परत येतो, आणि भीतीच्या आजाराची गोळी सुरू होते. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ साली या आजाराचं वर्णन केलं तेव्हाही त्यांच्यासमोरच्या बाईचा त्रास आधी ‘हिस्टेरिया’त मोजला गेला होता. म्हाताऱ्या माणसांत तर गंमत आणखी वेगळी. ग्रंथी अति चालत असूनही धडधड नाही, घाम नाही; आजोबा फक्त कोपऱ्यात बसून राहतात, जेवत नाहीत, बोलत नाहीत. वय झालं, आजी गेल्यापासून खचले, असं म्हणून सगळे सोडून देतात. खरंच खचलेले असतीलही. एका ट्यूबभर रक्ताने ते ठरवता आलं असतं.

आता बाळंतिणींबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, आणि बालरोगतज्ज्ञांना हे पत्र का लिहिलं तेही इथेच कळेल.

बाळंतपणानंतरच्या वर्षात साधारण शंभरातल्या पाचेक बायकांच्या थायरॉईडला सूज येते. दुखत नाही, गळा फुगलेला दिसत नाही. बऱ्याच जणींत आधी काही आठवडे हार्मोन जास्त सांडतो, तेव्हा धडधड आणि चिडचिड. मग चौथ्या ते आठव्या महिन्याच्या सुमारास ग्रंथी मंदावते. थकवा, रडू येणं, केस गळणं, विसरभोळेपणा, बाळाकडेसुद्धा बघावंसं न वाटणं. पुष्कळ जणी वर्षभरात आपोआप सावरतात. काहींची ग्रंथी कायमची मंद राहते, आणि ज्यांना हे एकदा झालं त्यांना पुढच्या बाळंतपणात पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते.

आता आपली व्यवस्था बघा. आशाताई बाळंतिणीच्या घरी जाते ती मुख्यतः बेचाळीस दिवसांपर्यंत. सव्वा महिना झाला की घरातली काळजीही ओसरते. शेक-शेगडी बंद, डिंकाचे लाडू संपले, बाई माहेराहून सासरी. म्हणजे ग्रंथी मंदावायला लागते नेमकी तेव्हा, जेव्हा तिच्याकडे बघणारं कुणी उरलेलं नसतं. पुढे आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्यात येते ती बाळासाठी. वजन बाळाचं, आहार बाळाचा. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीला बाई दवाखान्यात येते, बाळ कडेवर, आणि बाळाच्या हाताला सुई टोचून दोघांना परत पाठवलं जातं. या सगळ्या काळात सासूबाई म्हणत असतात, ‘आम्हीही पोरं काढली, आम्हाला नाही असली थेरं सुचली.’ नवरा म्हणतो, मोबाईल बघत बसते. आणि जी खरोखरच नैराश्यात गेली असेल तिला वाटतं, आपणच वाईट आई आहोत.

डॉक्टर, लसीच्या दिवशी बाळाच्या आईला दोनच प्रश्न विचारा. झोपायला मिळतं तेव्हा झोप येते का? आणि बाळाला घेतल्यावर बरं वाटतं का? उत्तर देताना डोळे भरले तर मानसिक आरोग्याची चिठ्ठी द्या आणि सोबत टीएसएच लिहा. दोन्ही लिहा. एकावर भागवू नका. बाळंतपणानंतरचं नैराश्य बहुतेक वेळा थायरॉईडमुळे नसतंच, आणि नॉर्मल टीएसएच हातात घेऊन ‘काही नाही झालेलं’ म्हणत परत गेलेली बाई मला तपासणी न झालेल्या बाईपेक्षा जास्त घाबरवते. बाळाला किंवा स्वतःला काही करून घेण्याचे विचार येत असतील तर तिथे रक्ताच्या रिपोर्टची वाट पाहायचीच नसते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तुमच्या भिंतीवर लावलेला असेल तर तो आईच्या नजरेच्या उंचीवर असू द्या. आमच्या भागात तो घड्याळाच्या वर असतो.

लिथियम घेणाऱ्यांविषयी आता थेट मानसोपचारतज्ज्ञांशी बोलते. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये लिथियमचा उपयोग दाखवला, तेव्हापासून बायपोलर आजारात, म्हणजे मन कधी अति चढतं तर कधी खोल उतरतं त्या आजारात, त्याच्या तोडीचं औषध मोजकंच. माझ्या ओळखीतली घरं त्या गोळीवर उभी आहेत. तिला नावं ठेवायला मी आलेली नाही. पण लिथियम थायरॉईडमधून हार्मोन बाहेर पडणं रोखतं, हे तुम्हाला माहीत आहे. बायकांना त्याचा धोका जास्त, हेही माहीत आहे. सुरू करण्याआधी एकदा आणि मग साधारण दर सहा महिन्यांनी थायरॉईड, किडनी, कॅल्शियम बघायचं, हेही. प्रत्यक्षात माझ्याकडे चिठ्ठी येते तिच्यावर लिहिलेलं असतं ‘लिथियम लेव्हल’, म्हणजे रक्तातलं लिथियमचं प्रमाण, एवढंच. कित्येक वर्षं तेवढंच. मग माणूस सुस्तावतो, त्याला ‘डिप्रेशनचा एपिसोड’ ठरवून एक गोळी वाढते, आणि आमच्याकडे पुन्हा लेव्हलच. एका घरातला माणूस असा दोन ठिकाणच्या दवाखान्यांत फिरला. शेवटी टीएसएच झालं तेही त्याच्या मुलीने स्वतःहून पैसे भरून करून घेतलं. मंदावलेली थायरॉईड बायपोलरच्या चढउतारांचा वेग वाढवते का, यावर तुमच्यात अजून चर्चा चालते असं वाचते. ती चालू दे. आकडा तर बघू या.

याच निमित्ताने आमच्या लॅबवाल्या बंधूभगिनींनाही एक सांगते, कारण हे पत्र त्यांच्याही मोबाईलवर फिरणार. लिथियम लेव्हलसाठी हिरव्या टोपणाची ट्यूब वापरू नका. तिच्यात बऱ्याचदा लिथियम हेपरिनच असतं, आणि मग पेशंटच्या रक्तात नसलेलं लिथियम रिपोर्टमध्ये उगवतं. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. सकाळची गोळी पोटात घेऊन आलेल्याला परत पाठवा, तो चिडला तरी.

इतकं वाचून एखाद्याचा समज होईल की या बाईला सगळी दुःखं थायरॉईडमध्ये दिसतात. तसं नाही, आणि दुसऱ्या बाजूचा घोळही मी रोज बघते. टीएसएच थोडंसं वाढलेलं, म्हणजे पाच-सहा-सात, टी-फोर ठीक. लगेच गोळी सुरू, आणि घरच्यांचा निष्कर्ष तयार: ‘बघा, थायरॉईड होता, उगाच मानसिकच्या गोळ्या खायला लावल्या.’ उदासीची गोळी त्याच दिवशी बंद, कुणालाही न विचारता. काही आठवड्यांनी ती बाई पुन्हा खोल गर्तेत. तिच्या उदासीला नवऱ्याचं कर्ज होतं, मेलेलं मूल होतं, त्या घरात मिळणारी वागणूक होती. रक्तात ते उतरत नाही.

संशोधनही हेच सांगतं. २०१७ साली ६५ वर्षांवरच्या ७३७ लोकांवर झालेली चाचणी तुम्हाला आठवत असेल. टीएसएच किंचित वाढलेल्या या लोकांपैकी निम्म्यांना थायरॉईडची गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. थकव्यात दोन्हीकडे काही फरक पडला नाही. २०२१ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले तेव्हा मंद थायरॉईड आणि नैराश्य यांचं नातं दिसलं, पण आपण धरून चालतो त्याहून हलकं. ग्रंथी स्पष्टपणे मंद असेल तर ते नातं ठळक होतं, आकडा जेमतेम वर असेल तर फिकट. तेव्हा टीएसएच वीस, चाळीस, शंभर असणारी बाई आणि साडेपाच असणारी बाई यांना एकाच मापाने तोलू नका. साडेपाचवालीला सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा बोलवा. पुष्कळदा आकडा आपोआप खाली येतो. आणि दोघींच्याही मनाचं जे काही चाललंय त्याचा इलाज थायरॉईडच्या रिपोर्टसाठी थांबवू नका.

काही मानसोपचारतज्ज्ञ थायरॉईड नॉर्मल असलेल्या, पण नैराश्याच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या रुग्णांना थोडं टी-थ्री जोडून देतात. ही युक्ती १९६९ पासूनची. २००६ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, आधीचे दोन उपचार निष्फळ ठरलेल्या रुग्णांना टी-थ्री दिलं तेव्हा जवळपास चारातला एक पूर्ण सावरला. लिथियम जोडून दिलेल्यांत सहातला एक. दोहोंतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही, टी-थ्रीचे दुष्परिणाम मात्र लिथियमपेक्षा कमी झाले. तो तुमचा प्रांत आहे. मी इतकंच म्हणते की असा पेशंट माझ्याकडे आला तर चिठ्ठीवर ‘टी-थ्री चालू’ असं लिहा, नाहीतर त्याचा रिपोर्ट बघून गावातले दुसरे डॉक्टर त्याला भलत्याच आजाराचा पेशंट ठरवतात. हे झालेलं आहे.

चिठ्ठीवरच आले आहे तर तिच्याबद्दल आणखी थोडं. ‘थायरॉईड प्रोफाईल’ असं सरसकट लिहू नका. उदासीच्या नव्या पेशंटला पहिल्यांदा टीएसएच पुरतं; ते बिघडलेलं निघालं तर त्याच रक्तातून फ्री टी-फोर (रक्तात मोकळं असलेलं टी-फोर) लावता येतं, पेशंटला पुन्हा टोचावं लागत नाही. ग्रंथी अति चालण्याचा संशय असेल तर टी-थ्री जरूर लिहा. पिट्यूटरीचाच दोष वाटत असेल तर टीएसएच एकटं फसवतं, तेव्हा टी-फोर हवंच. थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडीची तपासणी एकदा झाली की झाली. ती दर वेळी सांगणाऱ्या चिठ्ठ्या येतात, त्यात पेशंटचे पैसे जातात आणि कळत काहीच नाही. तीव्र मानसिक अवस्थेत नुकत्याच भरती झालेल्या माणसाचं टी-फोर काही दिवस नुसतंच चढलेलं असू शकतं; त्या एका कागदावरून आयुष्यभराची गोळी लावू नये, थोड्या दिवसांनी पुन्हा पाहावं. आणि केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू आहेत का, ते विचारायला हवं. मोठ्या मात्रेतलं बायोटिन पुष्कळ मशीनवरचे आकडे फिरवतं. केस गळतात म्हणून बायोटिन, आणि केस गळतात थायरॉईडमुळे. म्हणजे ज्यांची तपासणी व्हायची नेमकी त्यांचीच बिघडते.

गोळी सुरू केल्यावर सहा-आठ आठवड्यांच्या आत पुन्हा टीएसएच करण्यात अर्थ नसतो, हे पेशंटला तुम्ही सांगितलं तर पटतं. आम्ही सांगितलं तर त्यांना वाटतं लॅबवालीला काम नको आहे. गोळी पहाटे पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा ते एक तास आधी. आमच्याकडे ती चहाबरोबरच घेतली जाते, कारण पहाटे उठल्यावर पहिली गोष्ट चहाच असते आणि गोळी डब्याशेजारी ठेवलेली असते. बाळंतिणीला लोह आणि कॅल्शियम दिलेलंच असतं. ते थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब. नाहीतर डोस वाढत राहतो, टीएसएच हलत नाही, आणि बाईला वाटतं आपलं काही खरं नाही.

प्रादेशिक मनोरुग्णालयं राज्यात चार: ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. तिथवर पोचणारी माणसं थोडी. बाकीची तुमच्या दवाखान्यात येतात, नाहीतर कुठेच येत नाहीत. म्हणून सांगते, नवीन नियम, नवीन योजना यांची वाट बघायला नको. उदासीची, भीतीची किंवा बायपोलरची गोळी ज्या दिवशी पहिल्यांदा लिहाल, त्या दिवशी पेशंटचं टीएसएच याआधी कधी झालंय का एवढं विचारा. झालेलं असेल तर फाईलच्या पहिल्या पानावर तारीख आणि आकडा लिहा, म्हणजे पुढचे डॉक्टर पुन्हा पैसे घालवायला लावणार नाहीत. नसेल झालं तर लिहून द्या. लिथियमवाल्यांना सहा महिन्यांनी. बाळंतिणीला वर्षभरात केव्हाही, तिने नुसतं ‘बरं वाटत नाही’ म्हटलं तरी. पॅकेजवाल्या धडधाकट मुलाला सांगा, तुला दर वर्षी नको. माझं उत्पन्न यात वाढणार नाही, हे तुम्ही हिशेब करून बघू शकता.

आमच्या बाजूने मी इतकं करीन. उदासीच्या गोळ्यांचा पेशंट आला आणि फाईलमध्ये टीएसएच नसेल तर मी स्वतः तपासणी लावणार नाही. पेशंटकडून तुम्हाला विचारून घेईन. लिथियमचा पेशंट आला तर शेवटचं टीएसएच कधीचं होतं ते रिपोर्टसोबत चिटकवीन. आणि आकडा फारच बाहेर निघाला, शंभराच्या वर गेला किंवा अगदी शून्याला टेकला, तर पेशंटच्या हाती कागद देऊन मोकळी न होता त्याच दिवशी तुम्हाला फोन करीन. त्यासाठी एक सोय हवी आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या चिठ्ठीवर पदव्या असतात, दवाखान्याच्या वेळा असतात, साप्ताहिक सुट्टीचा वारही असतो. फोन नंबर नसतो, किंवा असतो तो बंद पडलेल्या लँडलाईनचा. चालू मोबाईल नंबर शिक्क्यात घालून घ्या. निदान कंपाउंडरचा तरी.

आपली विश्वासू,
तालुक्याच्या गावातली एक लॅब टेक्निशियन